चढती शिटी

दुकानाच्या पाटीवर ‘कार ऑडिओ आणि वायरिंग’ असं लिहिलेलं होतं, पण पाटी वाचून कुणी येत नसे. लोक गल्लीच्या तोंडाशी थांबून विचारायचे, “फ्यूज कुठं बसते?” हे नाव शेजारच्या टायरवाल्यानं ठेवलेलं. दुकान उघडल्याच्या पहिल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकानं “बाईमाणसाला जमेल ना हे?” असं विचारलं होतं. तिनं गाडीच्या दरवाज्याचं काढलेलं पॅनेल उचलून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, “पुरुषमाणसाला जमेल ना? मग बसवा तुम्हीच.” टायरवाला पोट धरून हसला. “हिचा फ्यूज बघा कसा पटकन उडतो!” तेव्हापासून तेच नाव चिकटलं, आणि खरं नाव फक्त लाइटबिलावर उरलं.

ती गाडी आली तेव्हा दहा वाजले असतील. फ्यूज स्टुलावर बसून एका जुन्या टेपच्या मागच्या वायरी सोलत होती. आवाज आधी आला. इंजिनचा नव्हे, गाडीच्या आतून येणारा, डास कानाशी यावा तसा बारीक आणि चिवट. एक्सिलरेटर दाबला की वर चढायचा, सोडला की खाली यायचा. तिनं मान वर केली आणि तिच्या हातातली पक्कड तशीच राहिली.

राखाडी सेडान. अठरा वर्षांची. पुढच्या डाव्या मडगार्डवर तळहाताएवढा पोचा. तो पोचा तिनंच पाडला होता, गाडी शिकताना, घराच्या फाटकाच्या खांबावर. बाबांनी तेव्हा आठवडाभर तिच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि आईनं जेवताना दोघांच्या मध्ये बसून निरोप्याचं काम केलं होतं.

चालकाचा दरवाजा उघडला. उतरणाऱ्या माणसानं शर्टाच्या बाह्या नीट केल्या, इकडंतिकडं पाहिलं आणि शाळेच्या मैदानावर बोलावं तशा आवाजात टायरवाल्याला विचारलं, “फ्यूज म्हणून कुणी आहेत का इथं? मला दोन दुकानांतून त्यांच्याकडंच पाठवलंय.”

टायरवाल्यानं बोट दाखवलं. माणूस वळला.

तो तिचा सख्खा भाऊ होता. एका शाळेचा मुख्याध्यापक. सहा वर्षांत केस पांढरे झाले होते, पण हनुवटी तशीच वर, समोरच्यानं गृहपाठ केला नसणार हे आधीच ठरवून टाकल्यासारखी.

“तू?” तो म्हणाला.

“दुकान माझं आहे. मीच असणार,” ती म्हणाली. “गाडी उलटी वळवायला पुढं जागा आहे. वळव आणि निघ.”

“मला माहीत असतं तर आलोच नसतो.”

“आता माहीत झालंय.”

तो दरवाज्याकडं वळलाही. पण मागच्या सीटजवळची काच खाली आली आणि आतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला. हातात कानातलं मशीन होतं, मटाराच्या दाण्याएवढं.

“हे मी घालणार नाही,” बाबा मोठ्यानं म्हणाले. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसं, साऱ्या जगालाच ऐकू येत नसल्यासारखं. “ती शिटी डोक्यात घुसते. दोन दुकानं झाली. आता इथं थांबलोय तर इथंच दुरुस्त होऊ दे. मी हलणार नाही.” त्यांनी डोळे बारीक करून दुकानाकडं पाहिलं. काळोख्या दुकानात उभी असलेली बाई आपली मुलगी आहे, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा त्यांनी हात आत घेतला आणि नजर मांडीवर ठेवली. हलले मात्र नाहीत.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट अशी होती. तिनं बँकेतली नोकरी सोडून एका ऑडिओवाल्याकडं वायरी जोडायला सुरुवात केली, तेव्हा बाबांनी तिला सांगितलं होतं की नोकरीवर परत जाशील त्या दिवशी घरी ये, तोवर तोंड दाखवू नकोस. ती गेली नाही. आई मात्र दुपारी बाबा झोपले की फोन करायची, हळू आवाजात, गॅसवर काय ठेवलंय इथपासून सगळं सांगायची. एकदा दोघींचं कशावरून तरी किरकोळ वाजलं आणि पुढचे सहा दिवस फोन आला नाही. तिला वाटलं, आई रुसली. तीही हट्टानं गप्प राहिली. सातव्या दिवशी वहिनीचा मेसेज आला. ‘आई परवा गेल्या. सगळं आटोपलं.’ ती धावत घरी गेली तर दादा दारात आडवा उभा. “आता कशाला आलीस?” एवढंच म्हणाला आणि दार लावून घेतलं. ती पायरीवर तासभर बसून होती. त्यानंतर त्या घरातल्या कुणाचंही तोंड तिनं पाहिलं नव्हतं.

“नवं सगळं कुणी बसवलं?” तिनं आता विचारलं. भावाला नव्हे, गाडीला विचारल्यासारखं.

“गेल्या महिन्यात एकाकडून बसवून घेतलं,” दादा म्हणाला. “दर आठवड्याला त्यांना तपासणीला न्यावं लागतं. जायला दोन तास, यायला दोन तास. जुन्या स्पीकरमधून त्यांना काही कळायचं नाही. म्हटलं चांगलं मोठं काहीतरी घालू, बातम्या तरी ऐकतील. तर ही शिटी.”

“डिकी उघड.”

“म्हणजे करतेस?”

“बघते म्हटलं. करते असं म्हटलं नाही.”

डिकीत भलामोठा वूफर होता आणि त्याच्या बाजूला चकचकीत अॅम्प्लिफायर, लग्नात भेट आलेल्या भांड्यासारखा नुसता ठेवून दिलेला. एका स्क्रूवर टेकलेला. तिनं अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची वायर शोधली. ती मागच्या सीटच्या बोल्टला बांधली होती, रंगावरूनच. रंगाच्या खाली गंज. तिनं बोल्ट हलवला तर तो हातात आला.

“आंधळ्यानं बसवलंय,” ती म्हणाली.

“तू सगळ्यांनाच आंधळं म्हणतेस.”

“तू गप्प उभा राहा. हे तुला येत असतं तर माझ्या दारात आला नसतास.”

मग तिनं बॉनेट उघडलं. बॅटरीपासून अॅम्प्लिफायरपर्यंत जाणारी जाड लाल केबल तिनं बोटांनी चाचपत नेली. बॅटरीपाशी फ्यूज असायला हवा होता. नव्हता. केबल थेट बॅटरीला लावलेली, आणि इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यातून जिथं आत शिरली होती, तिथं भोकाला रबरी चकती नव्हती. नुसता पत्रा. तिनं टॉर्च मारला. पत्र्याच्या धारेनं केबलचं लाल आवरण कापून काढलं होतं आणि आतलं तांबं उघडं पडलं होतं, एका खाचेएवढं. त्याच्या भोवती काळा डाग.

तिनं टॉर्च तिथंच धरून ठेवला.

“काय झालं?” दादानं विचारलं.

“इकडं ये. वाक. दिसतंय? हे तांबं अजून एका खड्ड्यानं पत्र्याला टेकलं असतं की केबल तापून लाल झाली असती. ही केबल कुठून जाते ठाऊक आहे? त्यांच्या पायाखालच्या गालिच्याखालून. मध्ये वीज तोडायला काही नाही. तू गाडी थांबवून मागचं दार उघडेपर्यंत सीट पेटली असती.”

दादा वाकून पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा मुख्याध्यापक एकदम उतरला आणि खाली एक घाबरलेला माणूस दिसला. तीही तेवढीच घाबरली होती. पाच मिनिटांपूर्वी तिनं याच गाडीला ‘वळव आणि निघ’ म्हटलं होतं. पण ते त्याला कळू द्यायची तिची तयारी नव्हती.

तिनं बॅटरीची तार काढली. “काम करते,” ती म्हणाली. “पैसे घेणार नाही. दोन अटी. एक, माझ्याकडं दुसरं कुणी नाही, तेव्हा हाताखाली तू राबायचं. दुसरी, काम चालू असेपर्यंत मी जे विचारीन त्याचं उत्तर द्यायचं.”

“हा काय पोरखेळ आहे?”

“गाडी ढकलत नेणार असशील तर ने. मी बॅटरी जोडून देणार नाही.”

बाबांना उतरवून दुकानाच्या उंबऱ्याशी खुर्चीत बसवलं. मशीन त्यांनी खिशातच ठेवलं होतं. ते टायरवाल्याच्या दुकानाकडं बघत बसले. मुलीकडं बघायचं टाळायला दुसरं काही तिथं नव्हतंच.

दादानं आयुष्यात पेचकस हातात धरला नव्हता हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. दरवाज्याचं पॅनेल काढताना त्यानं तीन क्लिपा मोडल्या. “जोर लावू नकोस, शाळेतली मुलं नाहीत ती,” ती म्हणाली. मागची सीट बाहेर काढताना त्याचं बोट चेमटलं. “रक्त गाडीला लावू नकोस,” ती म्हणाली, आणि इन्सुलेशन टेपचं रीळ त्याच्या अंगावर फेकलं. त्यानं निमूटपणे बोटाला टेप गुंडाळली. ती सीटच्या खालच्या पत्र्यावरचा रंग खरवडत होती. खालचं लखलखीत लोखंड उघडं पडेपर्यंत खरवडत राहिली, लागत होतं त्याहून जास्त वेळ.

“दोन दिवस,” ती म्हणाली, मान वर न करता. “कळवायला दोन दिवस का लावलेस?”

तो डिकीत गुडघ्यावर बसून केबल धरून होता. “जुनं झालं ते.”

“अट काय होती?”

“धाकटे, सोड ना.”

“मला धाकटे म्हणू नकोस. आई चार दिवस दवाखान्यात होती, हे मला नंतर तिसऱ्याच माणसाकडून कळलं. चार दिवस आणि वर दोन दिवस. सहा दिवसांत तुला एक फोन करता आला नाही? तुझ्या शाळेत एक पोरगं गैरहजर राहिलं तर तू त्याच दुपारी त्याच्या आईबापाला फोन करतोस.”

“हो, करतो.”

“मग?”

त्यानं केबल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “आईनंच सांगितलं होतं,” तो म्हणाला. “तिला बोलवू नका म्हणाली. भांडणं नकोत म्हणाली.”

फ्यूज सावकाश उभी राहिली. तिच्या हातातला पेचकस पत्र्यावर आपटला आणि तिचा आवाज टायरवाल्याच्या पलीकडच्या काचवाल्यापर्यंत गेला असेल. “खोटं! आईनं मला बोलवू नका म्हटलं? आईनं? जी चोरून फोन करायची, ती? तिच्या नावावर हे खपवायला तुला लाज वाटत नाही?”

गल्लीत सगळे थांबले. टायरवाल्यानं कॉम्प्रेसर बंद केला. त्या शांततेत उंबऱ्याशी खुर्ची करकरली.

बाबांनी खिशातून मशीन काढलं होतं. ते कानात बसवलं. मग म्हणाले, “तो खोटं बोलतोय.”

“बाबा,” दादा डिकीतून म्हणाला, “तुम्ही गप्प बसा.”

“तू बस गप्प. सहा वर्षं बसलास तसा.” मग ते तिच्याकडं वळले, पण नजर तिच्या हातांवर होती, चेहऱ्यावर नव्हती. “आईनं तुलाच बोलावलं होतं. पहिल्या दिवसापासून. मी म्हणत होतो, निरोप धाडलाय, येतेय. दुसऱ्या दिवशी म्हटलं, वाटेत आहे. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आलीच. तुझ्या भावाला मी फोन करू दिला नाही. मला वाटलं होतं, ती बरी होऊन घरी येईल, आणि मग तू आधी येऊन माझी माफी मागशील. ती बरी झाली नाही. मग तुला काय सांगायचं? ती दाराकडं बघत गेली, हे सांगायचं? मीच म्हटलं, सगळं होऊ दे, मग कळवू. त्या दिवशी दारही मीच लावायला सांगितलं.”

सहा वर्षं फ्यूजनं एका माणसाचा चेहरा समोर ठेवून राग जोपासला होता, रात्रंदिवस, व्यायाम करावा तसा. आणि तो माणूस आता तिच्यासमोर गाडीच्या डिकीत गुडघ्यावर बसला होता, बोटाला काळी टेप गुंडाळून.

“तू का बोलला नाहीस?” तिनं त्याला विचारलं.

“त्यांना कुणी नव्हतं,” दादा म्हणाला. “तू गेलेलीस. आई गेलेली. तुला त्यांचाही राग आला असता तर त्यांचं कुणीच उरलं नसतं. माझ्यावर तुझा राग होताच. त्यात थोडा अजून.”

“म्हणजे उपकार केलेस माझ्यावर.”

“तुझ्यावर नाही.”

“दार तू लावलंस,” ती म्हणाली. “त्यांनी सांगितलं असेल. पण हात तुझे होते. मी तासभर पायरीवर होते. खिडकीच्या पडद्यामागं तू उभा होतास, मला दिसत होतास.”

तो बोटावरची टेप उगाच घट्ट करत राहिला.

तिनं पेचकस उचलला. “केबल धर. सरळ धर.”

उरलेलं काम तिनं एक शब्द न बोलता केलं. लाल केबलचा कापलेला तुकडा काढून नवी टाकली, भोकाला रबर बसवलं, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज लावला. आवाजाची बारीक वायर लाल केबलच्या अंगालाच चिकटून आणली होती, ती सोडवून गाडीच्या दुसऱ्या बाजूनं नेली. अर्थ उघड्या लोखंडावर घट्ट आवळला. अॅम्प्लिफायर चार स्क्रूंवर बसवला. मोडलेल्या क्लिपांच्या जागी स्वतःच्या डब्यातल्या घातल्या. दादाला ती हातानंच खुणा करत होती आणि तो निमूट ऐकत होता. एकदा त्यानं रुमाल पुढं केला. तिनं घाम बाहीनं पुसला.

बॅटरी जोडून तिनं चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. एक्सिलरेटर दाबला, सोडला, परत दाबला. शिटी नव्हती. स्पीकरमधून हवामानाची माहिती सांगणारी एक बाई इतकी स्वच्छ बोलत होती, जणू मागच्या सीटवर येऊन बसलीय.

“चालवून बघायला हवी,” ती म्हणाली. “चालत्या गाडीत वेगळं वाजतं.” ती चालकाच्या जागी बसली. दादा पुढच्या दाराकडं आला, तिनं आतून ते लॉक केलं. “तू नाही. ज्यांना शिटी ऐकू येते ते.”

बाबा मागं बसले. ती गल्लीतून बाहेर पडली, मोठ्या रस्त्याला लागली. स्टिअरिंग तिच्या हातांना अजून ओळखीचं होतं, थोडं डावीकडं ओढणारं. दोन सिग्नल गेले. बाबा एकदा खाकरले.

“छान झालंय,” ते म्हणाले.

तिनं गिअर बदलला.

“तुझं काम मी कधी पाहिलं नव्हतं.” मग थोडं थांबून म्हणाले, “मी त्या वेळी जे केलं...”

तिनं आवाज वाढवला. रेडिओवर गाणं लागलं होतं, तंतुवाद्यं आणि त्यांच्याखाली ढोलासारखं काही. तिनं बटण आणखी फिरवलं. डिकीतला वूफर जागा झाला आणि तिच्या पाठीत, सीटमध्ये, काचांमध्ये ठोके भरले. आरशात बाबांचे ओठ हलत होते. ते बोलत राहिले. एकदा त्यांनी हातही वर केला, तळवा तिच्याकडं. ती रस्ता बघत होती, पण प्रत्येक वेळी नजर आरशाकडं जात होती आणि प्रत्येक वेळी ती परत ओढून आणत होती. तिला ऐकायचं नव्हतं. आई चार दिवस दाराकडं बघत होती, तर यांनी एक फेरी तरी स्वतःचे शब्द स्वतःच ऐकावेत, असं तिला वाटत होतं.

वळसा घालून ती परत गल्लीत आली. दुकानासमोर गाडी लावली आणि चावी बंद केली. एवढ्या आवाजानंतरची शांतता कानाला दुखत होती.

“ऐकलंस का काही?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“परत सांगू?”

तिनं चावी काढून हातात धरली. आरशात ते वाट बघत बसले होते. मशीन नीट बसलंय ना, हे कानाला बोट लावून पाहत होते.

“आज नाही,” ती म्हणाली आणि उतरली.

चावी तिनं दादाच्या हातात न देता बॉनेटवर ठेवली. “महिन्यानं अर्थचा बोल्ट तपासावा लागेल,” ती म्हणाली. “नुकत्याच खरवडलेल्या लोखंडावर बसलेला बोल्ट सैल होतो.”

“कुठल्याही दुकानात चालेल?”

“तुला काय वाटतं?”

दादानं चावी उचलली. टेप गुंडाळलेल्या बोटाकडं पाहिलं आणि गाडीत बसला. गाडी आली होती त्याच वाटेनं गेली. आतून काही आवाज येत नव्हता, ना शिटीचा, ना माणसांचा.

टायरवाल्यानं कॉम्प्रेसर परत सुरू केला. “कोण होतं गं?” त्यानं ओरडून विचारलं. “घरचे का?”

“गिऱ्हाईक,” ती म्हणाली. मग जमिनीवर पडलेला लाल केबलचा कापलेला तुकडा तिनं उचलला, उघडं पडलेलं तांबं अंगठ्यानं चाचपलं आणि तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. स्टुलावर अर्धवट सोललेली वायर होती. ती घेऊन बसली, पण बराच वेळ तिला टोक सापडेना.